दाब गेला कुठे?
फवारणीच्या व धुण्याच्या पंपाची घरच्या घरी तपासणी आणि दुरुस्ती

सभासद बंधू-भगिनींनो,



या पानातून आम्ही एरवी लागण, खोडवा, बेणेमळा आणि खताचे हप्ते यांविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय थोडा निराळा घेतला आहे. गळीत हंगाम आटोपला की ट्रॅक्टर, ट्रॉली आणि अवजारे धुऊन-पुसून ठेवायचे दिवस येतात. त्यापाठोपाठ खोडव्याची फवारणी येते. दोन्ही कामांना पुष्कळ सभासद एकच पंप वापरतात, तो म्हणजे तीन दट्ट्यांचा एचटीपी पंप. आणि याच दिवसांत आमच्या गट कार्यालयात एक तक्रार हमखास येते : "साहेब, पंप दाब धरीना. नवा घ्यावा म्हणतो."

२०२४ च्या उन्हाळ्यात एक जुने सभासद असेच आले. त्यांना आम्ही आबा म्हणतो. उसाच्या बिलातून पंप घ्यायचा त्यांचा बेत ठरला होता.

"आबा, पंप उघडून बघितला का?"

"मिस्त्रीनं बघितला की. म्हणला, पंप बसला. आता भंगारात घाला."

वस्तीवर जाऊन पाहिले. पंप चालू केला तर घड्याळाचा काटा दहा-बाराच्या आसपास थरथरत होता आणि बायपासच्या नळीतून पाण्याबरोबर बुडबुडे येत होते. सक्शनच्या नळीला क्लिपेखाली चीर गेली होती. चार बोटे नळी कापून टाकली, टोक पुन्हा बसवले आणि क्लिप आवळली. काटा तीसवर जाऊन स्थिर उभा राहिला. आबा थोडा वेळ काट्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "एवढंच होय?"

दरवेळी एवढ्यावर भागते असे नाही. परंतु दुखणे 'एवढेच' आहे की मोठे आहे, हे पंप उघडण्याआधी बहुधा कळू शकते. ते कसे ओळखावे, हाच आजचा धडा आहे. त्याचे सूत्र असे : शोध पाण्याकडून सुरू करावा आणि तेलाकडे न्यावा. आधी टाकी, मग जाळी, सक्शनची नळी, नोझल, रेग्युलेटर, वॉल्व्ह, पॅकिंग आणि अगदी शेवटी ऑइलची पेटी. आपण बहुतेक जण उलटे करतो. आधी रेग्युलेटर पिळतो, मग पंप खोलतो आणि जाळी पाहायची राहूनच जाते.

दाब येतो कोठून?

पंप दाब तयार करतो अशी आपली समजूत असते. वास्तविक पंप फक्त पाणी ढकलतो. ढकललेल्या पाण्याला नोझलच्या बारीक छिद्रातून वाट काढावी लागते. त्या अडवणुकीमुळे दाब उभा राहतो. म्हणून दाब गेला की दोनच प्रश्न विचारावेत. पंप पुरेसे पाणी ढकलतो आहे काय? आणि ढकललेले पाणी नोझलमधून न जाता दुसरीकडे तर पळत नाही ना?

पंपात तीन दट्टे असतात आणि ते पाळीपाळीने मागे-पुढे होतात. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या रचनेत प्रत्येक दट्ट्यामागे एक सक्शनचा व एक डिलिव्हरीचा असे दोन, म्हणजे एकूण सहा वॉल्व्ह असतात. दट्टा मागे गेला की सक्शनचा वॉल्व्ह उघडून पाणी आत येते. दट्टा पुढे आला की तो मिटतो, डिलिव्हरीचा उघडतो आणि पाणी बाहेर जाते. दट्ट्याभोवती पाणी अडवून धरणारे पॅकिंग असते. त्यामागे क्रँक, बेअरिंग आणि ऑइलची पेटी असते. गाडी धुण्याचे लहान विजेचे यंत्रही मूळात याच तत्त्वावर चालते. फक्त त्याचा दाब पुष्कळ जास्त आणि पाणी कमी असते.

३० किलोचा दाब म्हणजे ३०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा भार. एवढा भार बोटभर जाडीच्या नळीत कोंडलेला असतो. म्हणून पुढचा भाग आधी वाचावा.

आधी जीव, मग पंप

१) पाना हातात घेण्यापूर्वी ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात ठेवावी. विजेची मोटर असेल तर नुसते बटण बंद करून भागत नाही, पिन उपसून ठेवावी.

२) पंप बंद झाला तरी नळीत दाब शिल्लक राहतो. रेग्युलेटरचा दांडा सैल करावा, गन दाबून पाणी सोडून द्यावे आणि काटा शून्यावर आल्याशिवाय एकही चाकी सैल करू नये.

३) नळी कोठे गळते हे बोट फिरवून कधीही पाहू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. सुमारे ७ किलोच्या दाबाची बारीक धारही कातडी भेदू शकते. आपला पंप त्याच्या चौपट दाबावर चालतो. अशी जखम सुई टोचल्यासारखी दिसते आणि आरंभी फारशी दुखतही नाही, पण आत पाणी वा औषध पसरलेले असते. हळद लावून घरी थांबू नये. ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे. "दाबाने पाणी आत शिरले आहे" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि औषधाची बाटली बरोबर न्यावी. उशीर झाला तर बोट गमावण्याची पाळी येऊ शकते.

४) पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. धोतराचा सोगा, साडीचा पदर वा गळ्यातला टॉवेल अडकला तर "थांब" म्हणायलाही वेळ मिळत नाही. दांड्यावरचे आवरण काढून पंप चालवू नये.

५) ज्या पंपातून औषध गेले आहे तो उघडण्यापूर्वी त्यातून भरपूर स्वच्छ पाणी खेळवावे. हातमोजे घालावेत. मुलांना दूर ठेवावे.

पाना न लावता चार तपासण्या

पहिली तपासणी बादलीची. टाकीत स्वच्छ पाणी भरावे. गनचे नोझल काढून गनचे तोंड आणि बायपासच्या नळीचे तोंड, दोन्ही एकाच बादलीकडे धरावे, म्हणजे पंप किती पाणी ढकलतो ते एकत्र मोजता येते. समजा, पंपाच्या पाटीवर मिनिटाला ३० लिटर लिहिले आहे. मग पाटीवरच्या वेगाने पंप चालत असता २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली पाहिजे. तिला ६० सेकंद लागले, तर पाणी मिनिटाला २० लिटरच येते आहे, म्हणजे बरोबर एक तृतीयांश घट. तीन दट्ट्यांपैकी एकाचे काम बंद आहे असा याचा सरळ अर्थ. बादली वेळेवर भरली, तर पंपाचे अंग बहुधा ठीक आहे. दोष नोझलमध्ये किंवा रेग्युलेटरमध्ये शोधावा.

दुसरी तपासणी बायपासची. नोझल परत लावून गन उघडावी आणि बायपासच्या नळीकडे पाहावे. दाब कमी आहे आणि बायपासमधून पाणी धो-धो पडते आहे, तर रेग्युलेटर मिटत नाही. दाब कमी आहे आणि बायपास कोरडा आहे, तर एक तर नोझल झिजले आहे किंवा पंपच पाणी कमी ढकलतो आहे. यांतले कोणते, हे बादलीने आधीच सांगितलेले असते.

तिसरी तपासणी काट्याची व कानाची. काटा वेडावाकडा नाचतो आणि पाण्यात बुडबुडे दिसतात, तर सक्शनमध्ये हवा शिरते आहे. काटा ठराविक तालावर झटके घेतो आणि डिलिव्हरीची नळीही त्याच तालावर उडते, तर एखादा वॉल्व्ह अडकला आहे. एका वाडीवरच्या आक्का शेती स्वतः पाहतात. त्यांनी आम्हाला फोनवरच सांगितले, "साहेब, तीन ठोक्यांतला एक ठोका पोकळ येतोय." वॉल्व्ह उघडला तर आत पाचटाची काडी निघाली! पिठाच्या गिरणीचा बदललेला आवाज जसा आपल्याला चटकन कळतो, तसाच आपल्या पंपाचाही कळला पाहिजे. त्यासाठी पंप चांगला असताना त्याचा आवाज नीट ऐकून ठेवावा.

चौथी तपासणी तेलाची. ऑइलच्या काचेत पाहावे. ऑइल चहात दूध घातल्यासारखे पांढुरके झाले असेल, तर पाणी आत शिरले आहे. मग पंप चालवू नये. याविषयी पुढे लिहिले आहे.

सक्शन : निम्मे दुखणे येथेच

आमच्या पाहण्यात आलेल्या पंपांपैकी निम्म्याहून अधिक पंपांचा दोष सक्शनच्या बाजूलाच निघाला. पाण्याची गळती डोळ्यांना दिसते, पण सक्शनची गळती दिसत नाही, कारण तेथे पाणी बाहेर न येता हवा आत जाते.

आधी जाळी काढून ब्रशने धुवावी. शेवाळ, गाळ आणि भुकटीच्या औषधाचे लिंपण तिच्यावर बसते. जाळी फाटली असेल तर ती फेकावी. "जाळीशिवाय पाणी जोरात येतं" म्हणून तशीच चालवली, तर आज वाचलेला जाळीचा खर्च उद्या सहा वॉल्व्हना भरावा लागतो.

मग नळी पाहावी. सक्शनची नळी आत तार असलेली, घट्ट अंगाची हवी. साधी मऊ नळी लावली तर ओढीने ती आतून चिकटते आणि वरून मात्र धड दिसते. सांध्यांमध्ये हवा शिरते की काय, हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. पंप चालू असताना पट्ट्यापासून दूर राहून एकेका सांध्यावर साबणाचे दाट पाणी ओतावे. ज्या सांध्यावर ओतल्याबरोबर काटा सावरतो, तो सांधा दोषी. तेथील वायसर बदलावा, क्लिप आवळावी.

पाणी खरे म्हणजे पंप ओढत नाही. बाहेरची हवा ते ढकलते आणि त्या हवेच्या जोराला मर्यादा आहे. म्हणून टाकी पंपाच्या पातळीत किंवा वर ठेवावी आणि नळी शक्य तेवढी आखूड व जाड घ्यावी. पंप बांधावर आणि पिंप खाली चारीत, अशी मांडणी केली तर दोष पंपाला देता येणार नाही.

नोझल : छिद्राचा हिशेब

नोझल झिजते ते डोळ्यांना दिसत नाही. पण हिशेब पाहा. छिद्राचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला, तर छिद्राचे क्षेत्र २१ टक्क्यांनी वाढते आणि तेवढेच पाणी जात असता ३० किलोचा दाब जेमतेम २० वर येतो. पंपात काहीही बिघाड नसताना एक तृतीयांश दाब गेला! वाळूमिश्रित पाणी व भुकटीची औषधे यांनी ही झीज लवकर होते. एक नवे नोझल कायम घरात ठेवावे. शंका आली की ते लावून पाहावे. दाब आला, तर दुरुस्ती संपली.

नोझल तुंबले तर उलटा प्रकार होतो. काटा चढतो, पण धार बारीक किंवा वाकडी येते. तुंबलेल्या नोझलमध्ये तार वा खिळा घालू नये, छिद्र बिघडते. ते पाण्यात भिजवून मऊ ब्रशने साफ करावे. तोंडाने फुंकणे तर सर्वथा वर्ज्य. त्यातून औषध गेलेले असते.

रेग्युलेटर : आमच्या हातून घडलेली चूक

दाब कमी दिसला की हात प्रथम रेग्युलेटरकडे जातो. २०१९ साली एका प्रात्यक्षिकाच्या वेळी आम्हीही हेच केले. दाब १५ वर अडला होता. सभासद जमलेले, वेळ थोडा. आम्ही स्प्रिंग पिळत गेलो आणि काटा हळूहळू वर सरकला. कारण निराळेच होते. रेग्युलेटरच्या बैठकीवर कचरा अडकला होता. पाण्याच्या जोराने तो अचानक सुटला, स्प्रिंग तर पुरती आवळलेली, आणि दाब एकदम चढला. जुनी नळी सांध्याजवळ फुटली. नळीचे टोक सापासारखे उसळले आणि शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाच्या कानाजवळून गेले. इजा झाली नाही ती केवळ नशिबाने. त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला : दाब कमी आहे म्हणून रेग्युलेटर आवळायचा नाही. कारण सापडल्यावरच आवळायचा.

रेग्युलेटर साफ करायचा तर आधी स्प्रिंग किती आवळलेली आहे त्याची खूण करावी. मग तो सैल करून उघडावा. आत स्प्रिंग, वॉल्व्ह किंवा गोळी आणि तिची बैठक असते. कचरा, गंज, क्षार धुऊन काढावे. बैठकीवर चर पडला असेल तर भाग बदलावा. रबरी रिंग चपटी झाली असेल तर नवी घालावी. परत जोडून स्प्रिंग पूर्ण सैल असतानाच पंप चालू करावा आणि काट्याकडे बघत बघत दाब वाढवावा. पाटीवरील मर्यादेपुढे जाऊ नये.

आणखी एक. बायपासच्या नळीला बुच मारून किंवा कॉक बसवून दाब वाढवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. बायपास ही पंपाची सुरक्षेची वाट आहे. ती बंद करणे म्हणजे भातावर दगड ठेवून कुकरची शिट्टी बांधून टाकण्यासारखे आहे.

वॉल्व्ह : परात, फडके आणि क्रम

बादलीने एक तृतीयांश घट दाखवली किंवा ठोका पोकळ आला, तर वॉल्व्ह उघडावेत. हे काम घरी बसून होते. एका परातीत पांढरे फडके अंथरावे. एका वेळी एकच वॉल्व्ह खोलावा आणि त्याची टोपी, स्प्रिंग, चकती, बैठक व रिंग ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने मांडावीत. सहाही वॉल्व्ह एकदम खोलून ढीग केला, तर कोणाची चकती कोणाच्या बैठकीवर बसेल ते सांगता येत नाही. सध्या मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. खोलताना पायरीपायरीला फोटो काढून ठेवावा.

काय पाहावे?

— बैठकीवर वाळू, काडी वा औषधाचा थर असेल तर धुवावा.

— स्प्रिंग तुटली आहे काय? बाकीच्यांपेक्षा आखूड झाली आहे काय? तशी असेल तर बदलावी.

— चकतीवर बारीक ओरखडे असतील तर सपाट काचेवर अगदी बारीक पॉलिश पेपर ठेवून, दोन थेंब ऑइल टाकून, चकती गोल गोल घासावी. सर्व तोंड सारखे चमकले म्हणजे झाले. खोल चर असेल तर घासण्यात वेळ घालवू नये, नवी घ्यावी.

— बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार बसले असतील तर धातूचे भाग लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवावेत आणि स्वच्छ पाण्याने धुवावेत. तीव्र ॲसिड वापरू नये.

जोडताना रबरी रिंगेला ग्रीसचा हात लावावा. आटे आधी हाताने बसवावेत, मग पाना लावावा. पहिल्याच फेरीला पाना लावला की आटे वाकडे बसतात आणि पाच मिनिटांचे काम लेथवर जाते.

पॅकिंग : थेंब आणि धार

दट्ट्याखालून एखादा थेंब पडत असेल तर काळजी नको. धार लागली तर पॅकिंग गेले असे समजावे. सहसा पॅकिंग जाते ते दोन कारणांनी : ग्रीस नसणे आणि कोरडा पंप चालवणे. पॅकिंगला थंड ठेवणारे पाणीच असते. टाकी रिकामी झाल्यावर पंप तसाच फिरत राहिला, तर थोड्या मिनिटांत पॅकिंग भाजून निघते. म्हणून टाकीवर एक माणूस हवा, आणि तो फोनवर बोलत बसलेला नको.

पॅकिंग बदलताना पुढचा भाग म्हणजे सिलिंडरचा ठोकळा खोलावा लागतो. दोन्ही बाजूंच्या चाक्या आळीपाळीने थोड्या थोड्या सैल कराव्यात आणि ठोकळा सरळ ओढावा. मग दट्ट्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले तर दट्ट्यावर चर आहे. अशा दट्ट्यावर नवे पॅकिंग घातले तर तेही लवकरच कापले जाईल. दट्टा वा त्यावरील नळकांडे आधी बदलावे.

नवे पॅकिंग घालताना एक गोष्ट विसरू नये. व्ही आकाराच्या पॅकिंगचे उघडे तोंड पाण्याच्या, म्हणजे दाबाच्या बाजूस असावे. दाब आला की त्याचे ओठ फाकतात आणि दट्ट्याला चिकटतात. उलटे बसवले तर कितीही आवळा, गळतच राहणार. ग्रीस लावून बोटांनी किंवा गोल लाकडी दांडक्याने आत सारावे. स्क्रू-ड्रायव्हरने ढोसू नये. तिन्ही दट्ट्यांची पॅकिंगे एकदमच बदलावीत, कारण एक गेले तेव्हा बाकीची दोनही तेवढेच तास चाललेली असतात.

दुकानात जाताना जुने पॅकिंग आणि पाटीवरचा मॉडेल नंबर बरोबर न्यावा. "हे चालून जाईल" असे कोणी म्हणाले, तर ते त्याच्या पंपात चालवून पाहा म्हणावे.

ऑइलची बाजू : येथे थांबावे

ऑइल पांढुरके झाले असेल तर ते गाळून टाकावे. पाणी आत नेणारे सील बदलावे आणि पत्रकात सांगितलेल्या प्रतीचे नवे ऑइल काचेच्या मध्यापर्यंत भरावे. थोडा वेळ पंप चालवून ऑइल पुन्हा पाहावे. पुन्हा पांढरे झाले, किंवा पेटीतून ठोकरल्यासारखा आवाज येतो, पुली हाताने हलवली तर लटपटते, गाळलेल्या ऑइलमध्ये धातूची चमकणारी भुकटी दिसते, तर घरची दुरुस्ती संपली. क्रँक व बेअरिंगचे काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे. मिस्त्री ही वाईट जात नव्हे. फक्त आपण त्याच्याकडे अमुक तपासून झाले आहे असे सांगत जावे, म्हणजे त्याचाही वेळ वाचतो आणि आपलाही पैसा.

पट्टा, पुली आणि अश्वशक्ती

पंप ठीक असून पाणी कमी, तर वेग पाहावा. पट्टा सैल असेल तर दाब चढताच तो घसरतो आणि जळका वास येतो. पुलीचा हिशेब सोपा आहे. मोटरचे फेरे गुणिले मोटरची पुली, भागिले पंपाची पुली. मोटर १४४० फेऱ्यांची, तिची पुली ४ इंची आणि पंपाची ६ इंची, तर पंपाला ९६० फेरे मिळतात. पाटीवर ८०० लिहिले असतील तर पंपाला सुमारे सव्वासात इंची पुली हवी. "जरा जोरात फिरू द्या" म्हणून लहान पुली लावली, तर पॅकिंग व वॉल्व्ह यांचे आयुष्य कमी होते.

शक्तीचाही हिशेब पाहावा. मिनिटाचे लिटर गुणिले दाबाचे किलो, भागिले ४५० म्हणजे लागणारे एच. पी. ३० लिटर आणि ३० किलोला २ एच. पी. होतात. घर्षणाची तूट धरता अडीच लागतात. एक एच. पी. ची मोटर लावून पंप दबला, तर तो बिघाड नव्हे, गणिताची चूक आहे.

घरगुती लहान वॉशर

पुष्कळ घरी आता गाडी धुण्याचे विजेचे लहान यंत्र आले आहे. तपासणीचा क्रम तोच : नळ, जाळी, नळीतील हवा, नोझल. चालू करण्यापूर्वी गन दाबून धरावी आणि बुडबुडे थांबून सलग पाणी येईपर्यंत हवा जाऊ द्यावी. यंत्र नुसते गुणगुणते पण फिरत नाही, तर आधी विजेचा दाब आणि लांबलचक बारीक वायर हे दोन संशयित पाहावेत. जोडणी अर्थिंगच्या पिनेतूनच घ्यावी. त्या लाइनीवर गळती पकडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, बसवून घ्यावा. ओल्या पायांनी व ओल्या जमिनीवर चालणारे हे यंत्र आहे. मोटर व विजेचा भाग घरी खोलू नये. हमीच्या मुदतीत तर यंत्रच खोलू नये, हमी जाते.

काम संपल्यावर दहा मिनिटे

औषध फवारून झाल्यावर टाकी, पंप, नळी व गन यांतून तीन वेळा स्वच्छ पाणी खेळवावे. ते पाणी त्याच पिकावर सोडावे. विहिरीत, ओढ्यात वा पाटात सोडू नये. तणनाशकासाठी मात्र नळी, टाकी व गन वेगळी ठेवावी. उसात चालणाऱ्या २,४-डी चा अंशही द्राक्ष, कापूस, टोमॅटो यांना बाधतो. एकाच नळीतून दोन्ही केले तर आपलेच नव्हे, शेजाऱ्याचेही पीक जाते आणि बांधावरचा सलोखाही.

धुऊन झाल्यावर रेग्युलेटर सैल करावा, म्हणजे स्प्रिंग विसावते. पाणी काढून टाकावे. चालू असताना दर दोन तासांनी पंप थांबवून ग्रीस कपाची एक फेरी आवळावी. जाळी धुऊन सावलीत टांगावी.

सारांश

टाकी, जाळी, सक्शन, नोझल, रेग्युलेटर, वॉल्व्ह, पॅकिंग, ऑइल. हा क्रम पंपाच्या खोलीत भिंतीवर खडूने लिहून ठेवावा आणि तो सोडून उडी मारू नये. २००२ साली लोकरी मावा आला तेव्हा आम्ही पदविका घेऊन नुकतेच कामास लागलो होतो. पाठीवरच्या पंपाने डोक्याइतक्या उंच उसात फवारणी करताना झालेले हाल अजून आठवतात. आज आपल्याकडे चांगली यंत्रे आहेत. रोग-किडीचे दिवस मात्र पंप दुरुस्त होईपर्यंत थांबत नाहीत. चार दिवस पंप बंद म्हणजे चार दिवस कीड मोकळी.

आबांनी नव्या पंपासाठी ठेवलेल्या पैशातून त्या वर्षी ठिबकच्या बाजूच्या नळ्या बदलल्या. जुना पंप अजून चालतो आहे. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, आता गावात कुणाचा पंप बसला की मलाच बोलावत्यात." यापरते समाधान ते काय! आपल्याही पंपाची काही अडचण असेल, तर बादलीची तपासणी करून तिचे सेकंद लिहून गट कार्यालयात यावे. पंप आणण्याआधी तो आकडा आणावा. बोलणे तेथून सुरू करू.

आपला,
ऊस विकास अधिकारी